जुन्या फरसबंदीची डागडुजी

फरसबंदी अंगण जुने झाले म्हणजे नेमके काय होते, असे कोणी विचारले तर दगड झिजतात, असे उत्तर बहुतेक जण देतील. वस्तुतः दगड फारसे झिजत नाहीत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या फरशा शंभर-दीडशे वर्षे माणसांच्या पायांखाली राहूनही जेमतेम गुळगुळीत होतात. जुन्या होतात त्या फरशांमधल्या दरजा. दोन दगडांमधल्या फटीत पूर्वी केव्हातरी भरलेला चुना पावसाने, मुंग्यांनी आणि रोजच्या केरसुणीने कणाकणाने नाहीसा होतो. त्याच्या जागी धूळ साचते, धुळीत बी पडते, आणि एखाद्या आषाढात आपल्या ध्यानात येते की, अंगणाला हिरवी नक्षी फुटली आहे. ही नक्षी कोणाला आवडते, कोणाला खटकते. परंतु तिच्या शेजारीच एखादी फरशी पायाखाली डुगडुगू लागते, आणि मग आवडीनिवडीचा प्रश्न बाजूला राहून डागडुजीचा प्रश्न उभा राहतो. अंगण भक्कम करावयाचे आणि त्याची हिरवळही राखावयाची, ही दोन्ही कामे एकत्र साधतात का, याचा विचार आज करावयाचा आहे.

सामान्यतः जे घडते ते आपणां सर्वांच्या पाहण्यातले आहे. गवंड्याला बोलावणे जाते. तो सर्व गवत उपटून काढतो, दरजा खरवडतो आणि सिमेंट-वाळू कालवून एकूण एक फट बुजवून टाकतो. दोन दिवसांत काम आटोपते. आम्हां सरकारी नोकरांच्या दृष्टीने हे काम आदर्श होय, कारण ते फुटांत मोजता येते आणि त्यावर ‘काम पूर्ण’ असा शेरा मारता येतो. मोजमापाच्या वहीत पावसाच्या पाण्यासाठी रकाना नसतो, आंबुशीच्या वेलासाठी तर नसतोच. म्हणून या पद्धतीचे दोष कागदावर येत नाहीत. ते दोन-तीन पावसाळ्यांनंतर भिंतीवर येतात.

याचे कारण समजण्यासाठी दरज ही काय वस्तू आहे, ते पाहिले पाहिजे. जुन्या घरांच्या चौकात किंवा परसात फरशा बहुधा मुरूम आणि वाळू यांच्या थरावर बसवलेल्या असतात. पावसाचे पाणी काही उतारावरून मोरीकडे वाहते, तर काही दरजांतून खाली जिरते. पुढे ऊन पडले म्हणजे खालची ओल याच दरजांच्या वाटेने वर येऊन हवेत निघून जाते. दगडाचे अंग घट्ट असल्यामुळे पाण्याची ही सारी ये-जा दरजांतूनच होते. जमीन थोडी फुगली, थोडी खचली, तरी तो ताणही प्रथम दरजेवर येतो. म्हणूनच जुन्या कारागिरांचा नियम असा की, दरजेतला माल दगडापेक्षा नेहमी मऊ असावा. ताण आला तर माल फुटावा, दगड फुटू नये. ओल आली तर ती मालातून निघून जावी, दगडात किंवा भिंतीत शिरू नये. माल वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा भरता येतो. फुटलेली जुनी फरशी पुन्हा मिळत नाही.

सिमेंट या नियमाला सोडून आहे. जोसेफ ॲस्प्डिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि आपल्या देशात १९१४ मध्ये पोरबंदर येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. धरणे, पूल आणि उंच इमारती यांसाठी सिमेंटने केलेली सेवा कोणी नाकारणार नाही. त्याचा कणखरपणा आणि पाणी अडवण्याची शक्ती हे तेथे गुणच होत. परंतु जुन्या अंगणाच्या दरजेत तेच गुण अवगुण ठरतात. चुन्याची प्रकृती निराळी आहे. चुनखडी सुमारे नऊशे अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजली म्हणजे तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला म्हणजे लोण्यासारखा मऊ होतो. दरजेत भरल्यावर तो हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. दगडापासून निघालेली वस्तू अशी फिरून दगडाच्या जातीत जाते. मात्र हा दगड सच्छिद्र असतो. त्याला पडलेली केसाएवढी बारीक भेग पुष्कळदा पाण्यात विरघळलेल्या चुन्याच्याच साक्याने भरून येते. सिमेंटच्या भेगेतून पाणी आत शिरते, पण चहूकडून कोंडल्यामुळे ते सहजी बाहेर पडत नाही.

प्रदेशपरत्वे या गोष्टीचे परिणाम वेगळे दिसतात. पुणे, सातारा, अहिल्यानगर या बाजूचा काळा पाषाण इतका कठीण आहे की, सिमेंटने त्याला स्वतःला फारशी इजा होत नाही. तेथे घोटाळा होतो तो खालच्या जमिनीमुळे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि ताठर सिमेंटची दरज या हालचालीपुढे टिकत नाही. माळव्यातही दगड आणि माती याच जातीची, म्हणून इंदूर-देवासच्या मंडळींना हा अनुभव नवा वाटणार नाही. कोकणातला जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. तेथे सिमेंटची दरज शाबूत राहते आणि शेजारच्या जांभ्याच्याच कडा झिजून खोलगट होतात. ग्वाल्हेरकडील वाळूचा दगडही अशाच हळव्या प्रकृतीचा आहे. कोंडलेली ओल आपल्याबरोबर क्षार घेऊन दगडात शिरते, ते क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साकळतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

माझ्या एका आप्तांच्या घरचे उदाहरण सांगतो. घर सातारा जिल्ह्यातले, जोते दगडी, वरच्या भिंती विटामातीच्या. घरच्या लग्नाच्या निमित्ताने मागचा चौक त्यांनी सिमेंटने बांधून घेतला. लग्नात सर्वांनी त्या स्वच्छतेची वाखाणणी केली. दुसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल चढली आणि गिलावा सुटू लागला. पूर्वी चौकभर जिरणारे पाणी आता जोत्याच्या कडेला जमत होते आणि जोत्यावाटे वर चढत होते. चौकाच्या कोपऱ्यातला प्राजक्तही त्याच साली वाळला. भिंतीची दुरुस्ती त्यांनी दोनदा केली. ओल दोन्ही वेळा परत आली. शेवटी चौकातले सिमेंट काढावे लागले.

तथापि दरजा मोकळ्या ठेवा आणि गवत वाढू द्या, असेही मी म्हणणार नाही. हलणारी फरशी वृद्ध माणसाच्या दृष्टीने खरोखर धोक्याची असते. दगडाखाली पोकळी झाली म्हणजे तीत विंचू राहतात, खळग्यात पाणी साचले म्हणजे डास होतात, आणि सावलीतल्या शेवाळावरून पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्याची उदाहरणे प्रत्येक कुटुंबात सापडतील. आमच्या जुन्या घरी ऐंशी वर्षांच्या मावशी रोज पहाटे तुळशीला पाणी घालण्यासाठी परसात जात असत. त्या परसाची डागडुजी करताना आम्ही प्रथम त्यांची जाण्यायेण्याची वाट खडूने आखून घेतली. कोणती दरज भरावी आणि कोणती राखावी, याचा निर्णय त्या वाटेनेच केला.

तीच रीत कोणत्याही अंगणाला लावता येईल. अंगणाचे मनाशी तीन भाग करावे. पहिला भाग घराच्या भिंतीलगतचा, दोन-तीन फूट रुंदीचा. येथे दरजा घट्ट भराव्या आणि उतार घरापासून दूर ठेवावा. साठ फुटांना एक फूट, म्हणजेच पाच फुटांना एक इंच, एवढा उतार पुरे होतो. दुसरा भाग रोजच्या पायवाटेचा. येथेही दरजा भराव्या आणि शेवाळ धरू देऊ नये. तिसरा भाग उरलेल्या जागेचा, म्हणजे कडा, कोपरे, वृंदावनाचा आणि झाडांच्या आळ्यांचा परिसर. येथे दरजा मातीने भराव्या आणि त्यांत वनस्पती वाढू द्याव्या. हे विभाग ठरवण्यापूर्वी एक जोराची सर अंगणात उभे राहून पाहावी. पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोठे नाहीसे होते, हे ती सर पाणसळीइतकेच स्पष्ट दाखवते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम डुगडुगणाऱ्या फरशा उचलाव्या आणि खालचा थर मुरूम-वाळूने सारखा करून, धुमसून, त्या पुन्हा बसवाव्या. कारण खालून पोकळ असलेल्या फरशीची दरज कितीही उत्तम भरली तरी ती टिकत नाही. मग दरजा साफ कराव्या. यासाठी अरुंद छिन्नी, लोखंडी आकडा आणि हात हीच साधने योग्य. विजेवर फिरणाऱ्या चक्रीने काम लवकर होते, पण तिने दगडाच्या कडा कापल्या जातात आणि जुन्या घडणीचे वळण कायमचे नाहीसे होते. पूर्वी कोणी सिमेंट भरले असेल तर सैल झालेलेच काढावे. जे दगडाला घट्ट चिकटले आहे ते उपटताना दगडाचा टवका निघतो. दरजेची रुंदी असेल त्याच्या दुप्पट खोलीपर्यंत, आणि निदान एक इंच तरी, ती साफ झाली पाहिजे. वरवर थापलेला माल पहिल्याच पावसात पोपड्यासारखा निघून येतो.

या साफसफाईत काय काढावे आणि काय ठेवावे, हा विवेक मालकाने स्वतः करावा, गवंड्यावर सोपवू नये. पिंपळ, वड आणि उंबर यांची रोपे निःशंकपणे काढावी. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचे बी येते, आणि दोन पानांचे ते गोजिरवाणे रोप काही वर्षांत जोत्याचे चिरे सरकवते. ते नुसते छाटले तर पुन्हा फुटते. म्हणून लहान असतानाच, गरज पडल्यास फरशी उचलून, मुळासकट काढावे. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. त्याही खणून काढाव्या. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम दिसलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे, कारण त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. याउलट दूर्वा, आंबुशी, ब्राह्मी, सावलीतला हंसराज ही मंडळी तिसऱ्या विभागात असतील तर त्यांना हात लावू नये. पहिल्या दोन विभागांत ती असतील तर मातीच्या गोळ्यासह उचलून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी. पुढे ती कामास येतात.

मालासाठी चुना चांगला विरलेला हवा. कळीचा चुना पाण्यात सोडून त्याचे लोणी करावे आणि ते निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावे. चुना विरताना पाणी उकळू लागते आणि त्याचे शिंतोडे उडतात. एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचा संभव असतो. म्हणून मुलांना दूर ठेवावे, चष्मा आणि हातमोजे वापरावे, आणि नेहमी पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. जमिनीलगतच्या कामात ओल सदाचीच असल्यामुळे नुसता चुना पुरत नाही. त्यात सुरकी, म्हणजे मंद भाजलेल्या विटांची बारीक पूड, मिसळावी लागते. सुरकीमुळे चुना ओलीतही धरतो. एक भाग चुना, एक भाग सुरकी आणि दोन भाग धुतलेली खरखरीत वाळू हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते. पूर्वी हा माल बैलाच्या घाणीत मळत असत आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असे पदार्थ घालत असत. त्यांचा उपयोग नाही असे नाही. परंतु चुना कच्चा आणि वाळू मातकट असेल तर या पदार्थांपैकी एकही दरजेला वाचवू शकत नाही.

भरण्यापूर्वी दरजा पाण्याने भिजवाव्या, म्हणजे कोरडा दगड मालातले पाणी शोषून घेणार नाही. माल घट्टसर असावा आणि तो अरुंद करणीने दाबून, थराथराने भरावा. वरची पातळी दगडाच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवावी. माल दगडावर पसरला की फरशीचा आकार हरवतो आणि सारे अंगण लिंपल्यासारखे दिसते. तो किंचित आत राहिला की प्रत्येक दगड वेगळा उमटतो. माल थोडा आवळल्यावर खरखरीत कुंच्याने ठोकून त्याचा गुळगुळीतपणा मोडावा. यानंतर आठ-दहा दिवस ओले गोणपाट अंथरून ठेवावे. या दिवसांत घाई केली तर आधीचे सारे श्रम वाया जातात.

या कामाचे आणि लावणीचे हंगाम मात्र एक नाहीत. चुन्याला पाऊस नको आणि कडक ऊनही नको. महाराष्ट्रात कार्तिक-मार्गशीर्ष हा त्याचा उत्तम काळ. ग्वाल्हेर-दिल्लीकडे थंडी कडाक्याची असते आणि त्या गारठ्यात चुना धरत नाही, म्हणून तेथे आश्विनात काम उरकावे किंवा फाल्गुनापर्यंत थांबावे. तंजावर-चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचाच काळ, म्हणून तेथील मंडळींना माघ-फाल्गुन सोयीचा. वनस्पतींना मात्र पावसाची सुरुवात हवी. शिवाय ताजा चुना इतका दाहक असतो की, त्याच्या शेजारी लावलेले कोवळे रोप करपते. म्हणून हिवाळ्यात दरजा भराव्या आणि मृगाच्या सरी येताच रोपे लावावी. मधल्या काळात अंगण उघडेबोडके दिसते. घरातली माणसे कुरकुर करतात. ती ऐकून घ्यावी.

लावणीच्या दरजांसाठी दोन भाग वाळू, एक भाग चाळलेली माती आणि एक भाग पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण करावे. नुसती सुपीक माती घातली तर गवत माजते आणि चिखल होतो. जेथे ऊन चांगले लागते तेथे चिनी गुलाब शोभतो. जेथे ओल आणि अर्धी सावली असते तेथे ब्राह्मी पसरते. कधीमधी पाय पडणाऱ्या जागी दूर्वा किंवा जलपिंपळी चालते. हंसराजाला चुना मानवतो, म्हणूनच तो जुन्या विहिरींच्या चुनेगच्ची भिंतींवर आपण होऊन उगवतो. त्याला उत्तरेकडचा सावलीचा कोपरा द्यावा. सदाफुली कोणत्याही फटीत रुजते, पण ती हात-दीड हात उंच होते. तिला कडेलाच राहू द्यावे. एका दरजेत एकच जात लावावी आणि दोन लावलेल्या दरजांमध्ये काही दरजा रिकाम्या सोडाव्या. त्या पुढे वारा आणि मुंग्या यांच्याकडून भरल्या जातात, आणि तेथे जे उगवते ते बहुधा आपल्या निवडीपेक्षा त्या जागेला अधिक शोभते.

दगडांमधून आपोआप उगवल्यासारखी वाटणारी बाग ही पुष्कळदा विचारपूर्वक केलेली असते. इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल या उद्यानकर्त्या बाईंनी १९०१ मध्ये ‘वॉल अँड वॉटर गार्डन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध करून भिंतींच्या आणि पायऱ्यांच्या सांध्यांतील लावणीचे शास्त्रच मांडले. ज्या एडविन लट्येन्स यांनी पुढे दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाची रचना केली, त्यांच्या सहकार्याने बाईंनी सॉमरसेट परगण्यातील हेस्टरकूम येथे केलेली बाग आजही पाहावयास मिळते. तेथली दगडी बांधणी आणि तीतून डोकावणारी फुले एकाच विचाराने योजलेली आहेत. त्यांची रोपे आपल्या उपयोगाची नाहीत. वर्षभर भुरभुरणारा पाऊस आणि चार महिने कोसळून आठ महिने दडी मारणारा पाऊस यांत मोठे अंतर आहे, आणि आपल्या दरजेतल्या रोपाला पूर आणि अवर्षण दोन्ही सोसावे लागतात. पण नैसर्गिक दिसणाऱ्या गोष्टीमागे माणसाची नजर आणि मेहनत असते, हा त्यांचा धडा मात्र आपण जरूर घ्यावा.

ही मेहनत पुढेही चालू ठेवावी लागते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा अंगणभर हिंडून नको ती रोपे उपटावी. वाटेवरचे शेवाळ कुंच्याने घासून काढावे. दिवाळीनंतर एखादी दरज मोकळी झाली असेल तर तेवढीच पुन्हा भरावी. तणनाशक औषधे आणि आम्ल यांच्या वाटेस जाऊ नये. आम्ल चुन्याला खाते, आणि औषध नको त्या रोपाबरोबर हव्या त्या रोपालाही मारते. वर्षाकाठी चार-सहा सकाळी एवढाच या सर्वाचा खर्च आहे.

श्रोतेहो, आपली शहरे दिवसेंदिवस दगड आणि सिमेंट यांनी झाकली जात आहेत. पडलेले पाणी गटारात लोटायचे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसायचे, हा क्रम आता अनेक गावांच्या अंगवळणी पडला आहे. एका घराच्या अंगणाने तो बदलणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्यांच्या वाट्याला जुने फरसबंदी अंगण आले आहे, त्यांच्या हाती पाऊस जमिनीत पोचवणारी एक सिद्ध रचना आयतीच आली आहे, आणि पूर्वजांनी ती पुष्कळ विचाराने बांधली आहे. ती बुजवण्यापूर्वी एक पावसाळा थांबून ती कशी चालते हे पाहावे, आणि मगच गवंड्याला निरोप धाडावा.